चिक्कीच्या कागदावरचा माणूस

लोणावळ्यात तेव्हा चिक्की जुन्या कागदात बांधून मिळायची. कागद कुठला येईल याचा नेम नसे. कधी वर्तमानपत्र, कधी कुणा पारशीणबाईचं विणकामाचं मासिक, आणि लढाईच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत खंडाळ्याच्या बंगल्यांतून विश्रांतीला आलेले गोरे सोल्जर टाकून जायचे ती रंगीत चित्रांची पुस्तकं. मी लोणावळ्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होतो. शनिवारी शाळा दुपारी सुटली की थोडी चिक्की घ्यायची, गाडीनं कान्ह्याला उतरायचं आणि टाकव्यावरून पुढं चालत आक्काच्या गावाला जायचं, हा माझा क्रम.

मी बी.ए. झालेलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या काळी मी ते सगळीकडे सांगत असे. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी सही केली नव्हती, अंगठाच उठवायचे. आईबाप लवकर गेले. थोरल्या बहिणीनं, म्हणजे आक्कानं, मला तिच्या सासरी नेऊन वाढवलं, आणि तिच्या नवऱ्यानं, दाजींनी, शिकवलं. मी कॉलेजला निघालो तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन दाजी कान्ह्यापर्यंत चालले. मी म्हणालो, "द्या, मी घेतो." तर माझा कान पिळून म्हणाले, "सायबानं वजं उचलायचं न्हाई." कान पिळायची त्यांना खोडच होती. पास झालो तरी कान, आजारी पडलो तरी कान.

लढाई सुरू झाली आणि दाजी पलटणीत गेले. मावळातून त्या वेळी पुष्कळ गेले. दोन वर्षांनी एक इंग्रजी कागद आला. तो वाचायला सगळं गाव आक्काच्या ओट्यापाशी जमलं, कारण इंग्रजी वाचणारा मी एकटा. ब्रह्मदेशात बेपत्ता, मारला गेला असण्याचा संभव आहे, असा मजकूर. "म्हंजे काय?" गावातले सगळ्यांत वडीलधारे आबा होते, त्यांनी विचारलं. नक्की काय ते त्या कागदालाच ठाऊक नव्हतं, मग मला कुठलं? पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि पदवी घेतलेल्या माणसानं 'माहीत नाही' म्हणायचं मला जमत नव्हतं. मी म्हणालो, "म्हणजे गेले." आक्का आत निघून गेली.

अशा माणसाची बारा वर्षं वाट बघावी असं म्हणतात. पण दाजींची एक बहीण होती, नवरा गेल्यावर माहेरीच राहिलेली. तिच्या स्वप्नात दाजी यायला लागले. ओलेचिंब, उंबऱ्यावर उभे, पाणी मागतात. तिनं आबांच्या मागं लकडा लावला, आणि नदीकाठी पुतळ्याचा विधी झाला. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचं प्रेत तयार करतात, तो हा विधी. वडगावचे भटजी आले होते. डोंगरातल्या वाडीवरून पळसाच्या पानांचे देठ मोजून आणलेले. त्या देठांचे हात, देठांचे पाय, देठांची छाती. डोक्याच्या जागी नारळ, डोळ्यांच्या जागी कवड्या, दातांच्या जागी डाळिंबाचे दाणे. वरून दोरा गुंडाळला. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, किती अडाणी लोक आहेत. पुतळा जळला. आक्काचं कुंकू पुसलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला चिक्कीच्या पुडीवर एक चेहरा दिसला. हिरवट कातडी, कपाळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टाके. मी तसाच दुकानात परत गेलो.

"ह्याची बाकीची पानं आहेत का?"

"मास्तर," दुकानदार म्हणाला, "लोक चिक्की खातात अन् कागद फेकतात. तुमचं उलटंच दिसतंय."

पण त्यानं गठ्ठ्यातून पानं काढून दिली. शेवटची तेवढी नव्हती. ती आदल्याच दिवशी कुणाकुणाच्या चिक्कीबरोबर पुण्या-मुंबईला गेली होती.

गोष्ट चौकटी-चौकटींतून चित्रांनी सांगितलेली. एक विद्वान डॉक्टर मेलेल्या माणसांचे अवयव गोळा करतो, एकाचे हात, दुसऱ्याचं डोकं, ते शिवतो आणि त्यात जीव घालतो. मग तो शिवलेला माणूस डॉक्टरच्याच जिवावर उठतो. ती चित्रं विलायतेतल्या एका फार जुन्या कादंबरीवरून काढलेली होती, हे मला पुढं कळलं. ती कादंबरी मी मुद्दाम वाचलेली नाही.

रविवारी दुपारी खळ्यावर भाताची झोडणी संपवून माणसं पेंढ्याच्या उडवीला टेकली होती. मी पानं काढली. चित्रं या हातातून त्या हातात फिरली.

"ह्ये तोंडातनं काय निगतंय? धूर?"

"बोलणं आहे ते. फुग्यात लिहिलंय."

"मग ह्यो डाक्तर लयच बडबड्या दिसतोय."

एका म्हातारीनं टाक्यांवर बोट ठेवलं. "कुण्या बाईनं शिवलंय रं ह्ये? धावदोरा बी सरळ न्हाई. माजी गोधडी बरी."

सगळे हसले. मी वाचू लागलो, म्हणजे सांगू लागलो. आणि सांगता सांगता मी त्या डॉक्टरला लष्करी डॉक्टर केला. जशी चित्रात होती तशी ती दूरदेशची गोष्ट त्यांना लागली नसती, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. लढाईत मेलेले शिपाई इस्पितळात नेतात, म्हणालो, आणि चांगले चांगले तुकडे निवडून घेतात. हसणं थांबलं. त्या लोकांच्या आयांनी प्लेगाच्या दिवसांत टोचणीवाला आला की पोरं कणगीत लपवलेली. आता त्यांचीच पोरं कुठल्या मुलखात होती ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी ज्या भीतीला हात घातला ती तिथं आधीपासून बसलेली होती. मी तिला फक्त चेहरा दिला, तोही छापील.

एका चित्रात डॉक्टरचा म्हातारा नोकर त्या माणसाच्या कानाशी लागून काही सांगायला जातो आणि तो नोकराची मान पिरगाळतो. ते पान दाजींच्या बहिणीनं बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"फुडं?" आबा म्हणाले.

पुढची पानं चिक्कीबरोबर गेली, हे सांगायला काय हरकत होती? पण मी शेवट माझ्या मनानं लावला. गावकऱ्यांनी त्याला वेशीच्या आत घेतलं नाही आणि जाळून टाकला, असा.

"पण वळखायचं कसं?" दाजींच्या बहिणीनं विचारलं. "आपलाच मानूस वाटला तर?"

पुन्हा सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. "सोपं आहे," मी म्हणालो. "त्याला बोलता येत नाही. नुसता आवाज निघतो. जीभ दुसऱ्याची असते ना."

हे वाक्य चित्रांत कुठंही नव्हतं. चांगलं सुचलं म्हणून मी खूष होतो.

लढाई संपली. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी कान्ह्याला उतरलो, तर फलाटावर एक ओळखीचा माणूस लांबूनच ओरडला, "मास्तर, तुमचा शिवल्याला मानूस आलाय की ओ गावात!"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला बरं वाटलं. माझी गोष्ट एवढ्या लांब पोचली म्हणून.

वेशीवर म्हसोबाचं देऊळ आहे. त्याच्या पायरीवर दाजी बसलेले होते. शेजारी लष्करी काळी ट्रंक. डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत चेहरा शिवलेला, ओठ एका बाजूला ओढलेला, जबडा वाकडा. जपान्यांच्या कैदेतून सुटल्यावर कुठल्याशा इस्पितळात महिनोन् महिने पडून होते, हे मागाहून कळलं. बुधवारी ते ट्रंक डोक्यावर घेऊन चालत आले. नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनी त्यांना पाहिलं आणि धुणं तिथंच टाकून पळाल्या. तेव्हापासून ते वेशीवर होते. आक्का दोन वेळा भाकरी घेऊन येत होती, बाकी कुणी नाही.

मला बघून ते काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळलं नाही.

"सायब म्हनत्यात तुला," भाकरी घेऊन आलेली आक्का म्हणाली.

मी तरीही दोन हात लांबच उभा होतो. गोष्ट माझी, जिभेची थाप माझी, आणि पाय माझेसुद्धा पुढं होईनात. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

आबा चारसहा जणांना घेऊन आले. त्यांनी आधीच एक परीक्षा घेऊन ठेवली होती. गोठ्यातल्या बैलाचं नाव सांग, म्हणून विचारलं होतं. दाजी बोलले, पण नुसता आवाज निघाला.

"पवळ्या म्हनले ह्ये," आक्का म्हणाली. "मला कळलं."

"तुला कळनारच, बाई," आबा म्हणाले. "तुला कळाया पायजेच हाय."

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. शेवट मी रचला, डॉक्टर लष्करातला नव्हताच, जिभेचं तर साफ खोटं. आबा शांतपणे ऐकत होते.

"मास्तर, चित्रं आमी आमच्या डोळ्यानं बघितली. आता कशापायी खोटं बोलतूस? बहिनीसाठी बोलतूस, कळतंय आमाला."

त्याच दिवशी दाजींचं पत्र आलं, इस्पितळातल्या कुणीतरी इंग्रजीत लिहून दिलेलं. जिवंत आहे, येतो आहे, असं. म्हणजे माणूस आधी आणि पत्र मागून. मी ते इंग्रजी पत्र शब्दन् शब्द मराठीत करून सांगितलं. घोळक्यातला एक जण म्हणाला, "आदीचा कागुद बी तूच वाचला हुतास की." माझ्या इंग्रजीवर त्यांनी दोनदा विश्वास ठेवला होता आणि दोन्ही वेळा मी चुकीचंच सांगितलं होतं. आता खरं सांगत होतो, तर विश्वास संपला होता.

आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी भटजींना विचारून वाट काढली. "ह्यो त्योच असंल, न्हाई असं न्हाई. पर आपुन त्येला जाळलाय. जळल्याला मानूस घरात कसा घ्यायचा? पुन्यांदा जल्माला घालायचा, मग घ्यायचा." तसा रिवाज आहेच. ज्याचे दिवस घातले तो परत आला तर त्याला मूल समजून न्हाऊ घालतात, बारसं करतात, आणि बायकोशी पुन्हा लग्न लावतात. बारशाला कानात कुर्र करून नाव ठेवायचा मान आत्याचा. इथं त्या जागी सख्खी बहीण. तिच्याशिवाय चालणार नव्हतं. आणि ती नाही म्हणाली.

"त्येच्या कानाशी त्वांड न्यायचं? आन त्येनं मान पिरगाळली तर?" ती मला म्हणाली. "त्या पानावर तूच दावलंस. आन जाळायला मीच लावला हुता त्येला. सोडंल व्हय त्यो मला?"

दाजींनी हे ऐकलं. त्यांचा जबडा गेला होता, कान शाबूत होते. संध्याकाळी त्यांनी वळकटी बांधायला घेतली. खुणेनं सांगितलं, सोमवारच्या गाडीनं परत इस्पितळात जातो, तिथं झाडलोट करून राहीन. आक्का त्यांच्या हातातून दोरी काढून घेत होती आणि ते पुन्हा बांधत होते. मग ती माझ्याकडं वळली.

"शिकलास ना एवढा? तू बोललास, आता तूच मिटीव."

मला मिटवता आलं नाही. रात्रभर त्या बाईची समजूत घातली असती तरी उपयोग झाला नसता, कारण माझं शिक्षणच तिच्या भीतीचा पुरावा झालं होतं.

रविवारी सकाळी आक्काच्या अंगणात सगळं मांडलं. आबांच्या शब्दाखातर ती निदान समोर यायला कबूल झाली होती. दाजींना हळदीच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, कोऱ्या धोतरात गुंडाळलं. ओसरीच्या तुळईला लुगड्याची झोळी बांधली होती, तिच्याखाली ते गुडघे पोटाशी घेऊन बसले. पस्तिशीच्या पुढचा, लढाई करून आलेला माणूस. मान खाली. बायका भिंतीला चिकटून उभ्या. बहीण तीनदा पुढं आली आणि तीनदा मागं गेली.

मी पुढं झालो. या वेळी पाय निघाले. दाजींच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं म्हणालो, "कुर्र! बघा, काही होतं का?"

"तुजं चालत न्हाई रं," आबा म्हणाले. "तू मेव्हना."

कुणीतरी फिसकन हसलं. पण बहीण हलली नाही. दाजींनी अंगाभोवती गुंडाळलेलं धोतर सोडायला हात घातला. उठणार, हे दिसत होतं.

आक्का घरात गेली आणि चुलीपुढची फुंकणी घेऊन आली. चांगली हातभर लांब, लोखंडी, एका टोकाला काळी पडलेली.

"वन्सं, घ्या. एक टोक तुमच्या तोंडाला, एक ह्यांच्या कानाला. हात पोचायचा न्हाई."

सगळ्यांनी भटजींकडं पाहिलं. "फुंकणी नको असं कुठं लिहिलेलं माझ्या वाचनात नाही," ते म्हणाले. खरं सांगतो, त्या दिवशी तिथं जमलेल्यांत शहाणे असे दोघंच होते, ते आणि आक्का. बी.ए. कोपऱ्यात उभा होता.

बहिणीनं फुंकणी धरली. दुसरं टोक दाजींच्या कानावर टकटक वाजत होतं. मग डोळे मिटून तिनं असा काही जोर लावला की कुर्रबरोबर नळीतली सगळी राख बाहेर आली. दाजींच्या कानात, नाकात, तोंडावर. त्यांना सणसणीत शिंक आली. लोक भिंतीपर्यंत मागं सरकले. आणि बहीण, तान्ह्या पोराला शिंक आली की बाईमाणसाच्या तोंडून आपोआप निघतं तसं, म्हणाली, "सत्तंजीव!"

म्हणाली आणि स्वतःच दचकली. मग रडायला लागली. तशीच, फुंकणी न सोडता, तिनं त्यांचं जुनंच नाव पुन्हा ठेवलं.

दुपारी लग्न लागलं. अंतरपाट काढला तेव्हा आक्का त्या चेहऱ्याकडं कशी बघते हे बघायला बायका माना उंचावून उभ्या होत्या. ती म्हणाली, "चला, लय येळ झाला. भाकऱ्या टाकायच्यात." तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

गोष्ट इथं संपवली असती तर मला हलकं वाटलं असतं. पण मी ती पुढं वर्षानुवर्षं बघितली. गावानं दाजींना घेतलं, फुंकणीएवढं अंतर ठेवून घेतलं. झोडणीनंतर ओळीत जेवायला बसले की त्यांच्या शेजारची जागा मोकळी राहायची. जेवण वाढणारी बाई पानावर लांबून टाकायची. बहीण घरात सगळं करायची, पण त्यांची पाठ फिरली की कामाला लागायची. पोरं ऐकत नसली की बाया म्हणायच्या, "थांब, शिवल्याला मानूस बलीवते." आणि कुणी परगावचा हसला तर वर सांगायच्या, "खोटं न्हाई, मास्तरानं छापील आनलं हुतं." ती पानं मी केव्हाच चुलीत घातली होती. त्यानं काही झालं नाही. छापलेलं जाळलं तरी वाचलेलं राहतंच.

मी दर शनिवारी जात राहिलो. दाजींचं बोलणं हळूहळू मला कळायला लागलं. पण त्यांनी माझा कान पिळला नाही. मी मुद्दाम जवळ बसायचो, मान जराशी वाकडी करून. त्यांचा हात उठायचा नाही. आक्कानं त्यांना सगळं सांगितलं होतं. मी विचारलं नाही, तिनंही लपवलं नाही.

पाचसहा हिवाळे गेले असतील. एका दुपारी आम्ही दोघं पेंढ्याच्या उडवीला टेकून बसलो होतो. मी चिक्की नेली होती. ती त्यांना चावता येत नसे, म्हणून आक्का कुटून द्यायची. चिक्कीचा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला. साधं वर्तमानपत्र होतं. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "सायब, त्या चित्रातल्याचं... फुडं काय झालं?"

वेशीवर अडवला नि जाळला, हे त्यांना गावानं कधीच ऐकवलं होतं. ते खरं विचारत होते.

"माहीत नाही," मी म्हणालो. "ती पानं मला मिळालीच नाहीत, दाजी."

ते हसले. हसताना त्यांची शिवलेली बाजू हलत नसे, उजवीच हलायची. मग त्यांनी हात लांब करून माझा कान धरला आणि चांगला कळवळेपर्यंत पिळला.